प्रथम वर्षाच्या लेखन अभ्यासक्रमाच्या अध्ययन निष्पत्ती कशा ठरवाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी, संलग्नित महाविद्यालयात, आपण यंदाच मराठीचे अध्यापन सुरू केले आहे. बी. ए., बी. कॉम. आणि बी. एस्सी. अशा तिन्ही शाखांच्या प्रथम वर्षाच्या सुमारे ऐंशी विद्यार्थ्यांना एकत्र बसवून दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) मराठी लेखनकौशल्याचा अभ्यासक्रम शिकवायचा आहे. विभागप्रमुखांनी आठवडाभरात अध्ययन निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल हे सांगणारी वाक्ये, लिहून मागितल्या आहेत. आपण निरनिराळ्या अभ्यासक्रमांतून बारा निष्पत्ती जमवल्या आहेत आणि त्यांतील कोणत्या ठेवाव्यात हे ठरत नाही. नमुन्यादाखल आपण दिलेल्या तीन अशा आहेत: ‘विद्यार्थ्यांमध्ये भाषेविषयी आवड निर्माण होईल’, ‘विद्यार्थ्यांना लेखनाचे महत्त्व समजेल’ आणि ‘विद्यार्थ्यांची सर्जनशीलता विकसित होईल’. शेवटी आपण विचारले आहे की, फाइलीसाठी एक आणि वर्गासाठी एक असे दोन संच करावेत का. मी विदर्भातल्या अशाच एका महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवीत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते बारांतून कोणत्या निवडाव्यात हा खरा प्रश्न नाही. या निष्पत्ती साध्य झाल्या की नाही हे सत्राच्या शेवटी कशावरून ओळखणार, हा खरा प्रश्न आहे. आवड निर्माण झाली हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही आणि महत्त्व समजले हेही दिसत नाही. पुष्कळदा असे होते की, ‘लेखनाचे महत्त्व’ या विषयावर दोन पाने सुवाच्य निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती का अडकली याची विचारणा करणारे पाच ओळींचे पत्र लिहिता येत नाही. क्रियापद बदलल्यानेही हे दुखणे बरे होत नाही. ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणातून आणि त्याच्या २००१ च्या सुधारित आवृत्तीतून आलेली क्रियापदांची यादी आता प्रत्येक कार्यशाळेत वाटली जाते आणि ‘समजेल’च्या जागी ‘विश्लेषण करेल’ असे लिहिले की काम झाले असे आपण मानतो. पण विश्लेषण कशाचे, किती लांबीच्या मजकुराचे, कोणासाठी आणि कोणत्या कागदावर, हे वाक्यात आले नाही तर क्रियापद कोणतेही असो, ते वाक्य कोणत्याही अभ्यासक्रमाला चिकटवता येते. म्हणून निष्पत्ती लिहिताना मी एकच कसोटी लावतो. हे वाक्य वाचून दुसऱ्या महाविद्यालयातील अनोळखी प्राध्यापकाला विद्यार्थ्याचा कागद हातात घेऊन ‘हे जमले’ किंवा ‘हे जमले नाही’ असे सांगता आले पाहिजे. आपण दिलेल्या तिन्ही निष्पत्ती या कसोटीवर गळतात. त्या चांगल्या इच्छा आहेत आणि शिक्षक म्हणून त्या मनात असाव्यातही, परंतु त्यांची जागा अभ्यासक्रमाच्या ‘उद्दिष्टे’ या रकान्यात आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्यालाच तपासाव्या लागतील. महाविद्यालय स्वायत्त असेल तर निष्पत्ती बदलण्याची मोकळीक जास्त असते. आपल्यासारखे संलग्नित असेल तर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरवलेले घटक आणि छापील निष्पत्ती तशाच ठेवाव्या लागतात, आणि आपल्या हातात उरते ते अंतर्गत मूल्यमापन, गृहपाठ आणि तासिकांचे नियोजन. तेवढेही पुष्कळ आहे, कारण विद्यापीठाची निष्पत्ती ढोबळ असेल तर तिच्याखाली आपल्या महाविद्यालयापुरती नेमकी निष्पत्ती लिहायला कोणी हरकत घेत नाही. दुसरी गोष्ट घरच्या भाषेची. वऱ्हाडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग आणि कोलामी, गोंडी किंवा बंजारा घरात बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग यांना एकच पातळी लावता येत नाही. तिसरी गोष्ट हंगामाची. पहिल्या सत्राचा उत्तरार्ध आपल्याकडे सोयाबीनच्या सवंगणीत, म्हणजे कापणीत, आणि कापसाच्या पहिल्या वेच्यात सापडतो, आणि त्या काळात निम्मा वर्ग शेतात असतो. ज्या निष्पत्तीसाठी सलग तीन आठवड्यांची उपस्थिती लागते ती निष्पत्ती पोळ्याच्या आत उरकावी लागते. हे नियोजन कोणत्याही छापील आराखड्यात मिळणार नाही.

निष्पत्तींची संख्या किती असावी, याचे उत्तर मी वेळेच्या हिशेबाने देतो. दोन श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासिका. समजा, आपण प्रत्येक विद्यार्थ्याकडून सत्रात चार लेखने करून घेतली आणि प्रत्येकाचे दोन खर्डे पाहिले, तर ऐंशी विद्यार्थ्यांचे ६४० कागद होतात. एका कागदाला पाचच मिनिटे दिली तरी ५३ तास तपासणीत जातात, म्हणजे शिकवण्याच्या तासांच्या जवळजवळ पावणेदोनपट. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्या तासांचा मोबदलाही मिळत नाही. तेव्हा बारा निष्पत्ती लिहिणे म्हणजे बारापैकी आठ मोजणारच नाही असे आधीच ठरवून टाकणे होय. चार निष्पत्ती पुरेत, आणि त्या चारही प्रत्यक्ष मोजाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या यादीतील काही वाक्ये परदेशी अभ्यासक्रमांवरून आलेली दिसतात, म्हणून त्यांच्या मुळाविषयी थोडे सांगतो. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत प्रथम वर्षाला लेखनाचा अभ्यासक्रम सक्तीचा असतो. तेथील लेखन-अभ्यासक्रमांच्या संचालकांच्या परिषदेने २००० साली अशा अभ्यासक्रमासाठी निष्पत्तींचे एक निवेदन स्वीकारले आणि २०१४ साली ते पुन्हा सुधारले. त्याचे चार भाग आहेत: वाचक आणि प्रसंग ओळखून लिहिणे, चिकित्सक वाचन व विचार, लेखनाची प्रक्रिया आणि लेखनाचे संकेत. हे चार भाग मला आजही उपयोगी वाटतात आणि माझ्या निष्पत्ती पुष्कळ अंशी त्यांच्याशी जुळतात. परंतु त्या निवेदनातच असे म्हटले आहे की, त्यात केवळ निष्पत्ती दिल्या आहेत, त्यांची पातळी मुद्दाम ठरवलेली नाही, कारण पातळी प्रत्येक संस्थेने आपले विद्यार्थी पाहून ठरवायची आहे. शिवाय तेथील लेखन-शिक्षकांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की, लेखनाच्या वर्गात वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत. वीस विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले वाक्य ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात जसेच्या तसे आणले तर ते फाइलीतच राहते.

माझी पहिली निष्पत्ती वाचकाविषयी आहे आणि ती मी अशी लिहितो: ‘दिलेल्या वाचकासाठी एक पानाचे पत्र, अर्ज किंवा निवेदन विद्यार्थी अशा रीतीने लिहू शकेल की, पहिला परिच्छेद वाचल्यावर त्या वाचकाला कोण, काय आणि केव्हापर्यंत मागत आहे हे कळेल.’ ही निष्पत्ती मी सर्वांत वर ठेवतो आणि त्याचे कारण एका उदाहरणाने सांगतो.

एका विद्यार्थिनीला आगार व्यवस्थापकांना बसच्या वेळेविषयी अर्ज लिहायचा होता. तिचा पहिला खर्डा असा होता: ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की, शिक्षण हे मानवी जीवनाचे अविभाज्य अंग असून आजच्या स्पर्धेच्या युगात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. परंतु ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना अनेक अडचणींना सामोरे जावे लागते. तरी मेहरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’ या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, अक्षर सुरेख होते, समास सोडलेला होता. नव्हते ते इतकेच: गाव कोणते, बस कोणती, वेळ कोणती आणि नेमके करायचे काय. मी तिला कागद बाजूला ठेवून तोंडी सांगायला सांगितले. ती म्हणाली, ‘सर, बस आमच्या फाट्यावर साडेसातले येते, कॉलेजात पोचाले सव्वाआठ होते. पयला तास पावणेआठचा. रोजच बुडते.’ संपूर्ण अर्ज या चार वाक्यांत होता. दुसरा खर्डा तिने असा लिहिला: ‘आमच्या गावच्या फाट्यावर सकाळची बस ७.३० वाजता येते व महाविद्यालयाजवळ ८.१५ वाजता पोहचते. आमचा पहिला तास ७.४५ वाजता सुरू होतो. म्हणुन या मार्गावरील बावीस पासधारक विद्यार्थ्यांचा पहिला तास रोज बुडतो. ही बस फाट्यावर ६.४५ वाजता येईल अशी सोडावी, ही विनंती. विद्यार्थ्यांची नावे व पास क्रमांक सोबत जोडले आहेत.’

आता गुण कोणत्या खर्ड्याला जास्त द्यायचे? दुसऱ्यात ‘पोहचते’ आणि ‘म्हणुन’ अशा दोन चुका आहेत, पहिल्यात एकही नाही. शुद्धलेखनाला अर्धे गुण ठेवणाऱ्या गुणदानपद्धतीत पहिला कागद वरचढ ठरतो, आणि विद्यार्थिनी त्यातून हेच शिकते की पाठ असलेली वाक्ये सुरक्षित असतात आणि स्वतःची वाक्ये धोक्याची. बारावीपर्यंत तिने नेमके हेच शिकलेले असते. प्रथम वर्षाच्या लेखनवर्गाचे पहिले काम ही शिकवण मोडून काढणे आहे, असे मला मनापासून वाटते, कारण ज्या मुलीला आपल्या फाट्यावरच्या बसची वेळ कागदावर नीट मांडता येत नाही तिचे म्हणणे कोणत्याही कार्यालयात पोहोचत नाही. वर्गात अभ्यासासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्जही फार चांगला असतो. २००५ च्या या कायद्याखाली महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारणतः १५० शब्दांत असावा लागतो. एवढी मर्यादा समोर असली की ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ लिहायला जागाच उरत नाही.

दुसरी निष्पत्ती सारांशाची आहे: ‘सुमारे ५०० शब्दांचा माहितीपर मजकूर वाचून विद्यार्थी त्याचा आशय १०० शब्दांत, स्वतःच्या वाक्यांत, मूळ लेखकाचे म्हणणे आणि स्वतःचे मत वेगळे ठेवून लिहू शकेल.’ याविषयी फार लिहीत नाही. मजकूर वर्तमानपत्रातील बातमी, शासनाचे परिपत्रक किंवा कृषी विद्यापीठाची सल्लापत्रिका असावी, कारण तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना ती समान परकी आणि समान जवळची असते. कठीण भाग एकच आहे: विद्यार्थी सारांशात मत मिसळतात. ‘लेखकाच्या मते’ आणि ‘मला वाटते’ या दोन शब्दप्रयोगांखाली वेगवेगळ्या रंगांच्या रेघा ओढायला लावल्या की दोन-तीन तासिकांत फरक दिसू लागतो.

तिसऱ्या निष्पत्तीवर मात्र आपण वेळ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती अशी आहे: ‘विद्यार्थी एका मतभेदाच्या विषयावर एक दावा मांडून त्याच्या पुष्टीसाठी पाहिलेले, ऐकलेले किंवा वाचलेले असे किमान दोन पुरावे देऊ शकेल, प्रत्येक पुरावा कोठून मिळाला ते सांगेल आणि विरुद्ध बाजूचा निदान एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवेल.’ विषय निवडताना ‘मोबाईल शाप की वरदान’ किंवा ‘वृक्षारोपणाचे महत्त्व’ यांसारखे विषय कटाक्षाने टाळावेत. त्यांवर मते तयारच असतात आणि पुरावा कोणालाच लागत नाही. आपल्या भागात खरोखर वाद आहे असा विषय घ्यावा. मी अनेकदा फरदडीचा विषय घेतो. कपाशीचे पीक हंगाम संपल्यावर काढून न टाकता पाणी देऊन पुढे चालवावे की नाही? गुलाबी बोंडअळीला शेतात सतत खाद्य मिळत राहते आणि पुढच्या हंगामात तिचा प्रादुर्भाव वाढतो, म्हणून फरदड घेऊ नये, असा कृषी खात्याचा आणि कृषी विद्यापीठांचा सल्ला आहे, आणि २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भाचे काय नुकसान केले ते विद्यार्थ्यांच्या घरात सर्वांना आठवते. दुसऱ्या बाजूने, बियाणे आणि पेरणीचा नवा खर्च न करता हाती येणारे दोन वेचे सोडून द्यायला शेतकऱ्याचे मन होत नाही, आणि पाण्याची सोय असलेल्याला तो हिशेब चुकीचाही वाटत नाही. विद्यार्थ्याने वडिलांना किंवा शेजाऱ्याला विचारावे, सल्लापत्रिका वाचावी आणि मग लिहावे.

या लेखनात मी एका गोष्टीवर विशेष नजर ठेवतो: ‘असे म्हणतात’, ‘सर्वांना माहीत आहे’ आणि ‘तज्ज्ञांचे मत आहे’ ही वाक्ये आली की शेजारी ‘कोण?’ एवढाच शब्द लिहितो. विद्यार्थ्याने ‘माझे काका, ज्यांच्याकडे चार एकर ओलिताची जमीन आहे, ते म्हणतात’ असे लिहिले तर तो पुरावा मी मान्य करतो, कारण वाचकाला त्याचे वजन ठरवता येते. कोणी म्हणेल की संदर्भ देण्याची शिस्त ही विद्यापीठीय, परकी गोष्ट आहे. मला ते पटत नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांना विचारून जमवल्या आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले, ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला. ज्याने पाहिले किंवा ऐकले त्याच्याकडे जाऊन विचारावे आणि मग लिहावे, ही वृत्ती मराठी गद्याच्या आरंभापासूनची आहे. हे वर्गात सांगितले की विद्यार्थी ताठ बसतात, असा माझा अनुभव आहे.

चौथी निष्पत्ती पुनर्लेखनाची: ‘विद्यार्थी स्वतःच्या लेखनाचा दुसरा खर्डा तयार करू शकेल आणि पहिल्यात काय बदलले व का बदलले हे चार-पाच वाक्यांत लिहू शकेल.’ ही निष्पत्ती आपल्या बारांच्या यादीत नसावी असा माझा अंदाज आहे, कारण ती क्वचितच कोठे असते. विद्यार्थ्यांच्या मनात लेखन म्हणजे एकदा लिहून देऊन टाकणे असते आणि परीक्षेने ती सवय पक्की केलेली असते. पेरणी करून कोणी घरी बसत नाही, डवरणी आणि निंदण केल्याशिवाय पीक हाती येत नाही, एवढे सांगितले की आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दा समजतो. पण समजणे पुरेसे नाही, त्यांच्याकडून ते करून घ्यावे लागते. येथे ६४० कागदांची अडचण पुन्हा समोर येते, म्हणून पहिला खर्डा मी तपासतच नाही. तो शेजारी बसलेला विद्यार्थी वाचतो आणि कागदाच्या खाली फक्त दोन गोष्टी लिहितो: ‘मला यातून काय कळले’ आणि ‘मला काय विचारावेसे वाटले’. चुका काढायच्या नाहीत, शेरा मारायचा नाही. या दोन ओळी घेऊन मूळ लेखक दुसरा खर्डा लिहितो आणि तोच माझ्याकडे येतो. तपासणी निम्म्यावर, म्हणजे २७ तासांच्या आसपास येते आणि ती सत्रभर विभागली तर झेपते. दोन्ही खर्डे एकाच आठवड्यात करून घ्यावेत. मध्ये आठवडा गेला की वेचणीमुळे किंवा इतर कारणाने लेखक एका तासाला असतो आणि वाचक दुसऱ्या.

पहिला खर्डा वर्गातच, हाताने लिहून घ्यावा, याला मोबाईलचेही एक कारण आहे. तयार उत्तरे देणारी साधने आता प्रत्येकाच्या हातात आहेत आणि ती ‘अनन्यसाधारण महत्त्व’ छापाचा मजकूर विद्यार्थ्यांपेक्षा सफाईने लिहितात. फाट्यावरच्या बसची वेळ आणि काकांच्या ओलिताचा हिशेब मात्र विद्यार्थ्यालाच आणावा लागतो.

शुद्धलेखनाची स्वतंत्र निष्पत्ती मी ठेवलेली नाही, ती चौथ्या निष्पत्तीतच येते, आणि याचा अर्थ शुद्धलेखन दुय्यम आहे असा कृपया घेऊ नये. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली जोडलेले चार, असे अठरा नियम एका सत्रात शिकवून संपत नाहीत, आणि ते क्रमाने सांगत गेलो तर लेखनाला तासच उरत नाहीत. त्याऐवजी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कागदांतून त्याच्या वारंवार होणाऱ्या तीन चुका शोधाव्यात, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावाव्यात आणि दुसऱ्या खर्ड्यात तेवढ्याच तपासायला सांगाव्यात. बहुतेकांच्या यादीत एक नियम हमखास निघतो: मराठी शब्दात शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. ‘म्हणून’, ‘करून’, ‘जाऊन’ यांबरोबरच ‘कापूस’, ‘जमीन’, ‘विहीर’ हे शब्द या एका नियमात बसतात, आणि ‘जमिनीत’, ‘विहिरीत’ लिहिताना तोच इकार ऱ्हस्व का होतो हेही लगोलग दाखवता येते. गुण, विष यांसारख्या संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना हा नियम लागू नाही, एवढे सांगून पुढे जावे.

शुद्धलेखनाची चूक आणि बोलीचे व्याकरण या दोन गोष्टी मात्र तपासताना काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. वऱ्हाडी बोलणारा विद्यार्थी ‘भाऊ येते’ असे लिहितो तेव्हा तो निष्काळजी नसतो. त्याच्या बोलीत ‘तो येते, ती येते’ हेच नियमित रूप आहे. त्याला ‘चूक’ असा लाल शेरा देण्यापेक्षा ‘आगार व्यवस्थापकांसाठी लिहिताना येतो’ असे सांगितले तर तो ते एकदाच्या समजावण्यात उचलतो, कारण हा प्रश्न पहिल्या निष्पत्तीतल्या वाचकाचा आहे. संवाद, आठवण किंवा मुलाखत लिहिताना तीच बोली त्याने मोकळेपणाने वापरावी. कोलामी किंवा गोंडी घरातील विद्यार्थ्याची अडचण याहून निराळी असते. या द्रविड कुळातील भाषांमध्ये मराठीसारखी तीन लिंगांची व्यवस्था नाही, त्यामुळे त्याच्या लेखनात ‘पुस्तक हरवली’, ‘शेत चांगला आहे’ अशी वाक्ये दिसतात. त्याच्यासाठी मराठी ही घराबाहेर शिकलेली भाषा आहे. त्याचा दावा, पुरावा आणि मांडणी नीट असेल तर पहिल्या सत्रात लिंगाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत, असे माझे मत आहे. सहकाऱ्यांपैकी काहींना हे मान्य नसते आणि त्यांचे म्हणणे असे असते की नोकरीच्या परीक्षेत कोणी सवलत देणार नाही. ते खरे आहे, परंतु ती परीक्षा तीन वर्षांनी आहे, आणि या सत्रात त्याने लिहिणेच सोडले तर तीन वर्षांत सुधारायला काही उरणार नाही.

गुणदानाविषयी एक सूचना करतो. अंतर्गत मूल्यमापनाला जेवढे गुण आपल्याकडे असतील त्यांपैकी निम्मे दुसऱ्या खर्ड्यांना, एक चतुर्थांश बदल सांगणाऱ्या टिपणांना आणि उरलेले सारांशाला द्यावेत. प्रमाण बदलले तरी चालेल, परंतु टिपणाला गुण असलेच पाहिजेत, नाहीतर विद्यार्थी पहिला खर्डा सुंदर अक्षरात उतरवून तोच दुसरा म्हणून देतात.

आता दोन संचांच्या प्रश्नाकडे येतो. दोन संच करू नयेत. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या वेळी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, म्हणजे आयक्यूएसीला, प्रत्येक निष्पत्तीचा पुरावा आणि सीओ-पीओ मॅपिंगचे, म्हणजे अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती संपूर्ण पदवीच्या निष्पत्तींशी जोडून दाखवणारे, तक्ते लागतात, आणि वर दिलेल्या चार निष्पत्तींचा पुरावा आपोआप जमा होतो: दोन्ही खर्डे, शेजाऱ्याच्या दोन ओळी आणि विद्यार्थ्याचे टिपण. प्रत्येक निष्पत्तीमागे चांगला, मध्यम आणि कच्चा असा एकेक नमुना पारदर्शक पाकिटात ठेवला की फाइलही होते आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला दाखवायला साहित्यही होते. ज्या महाविद्यालयांत फाइलीसाठी वेगळी वाक्ये लिहिली जातात तेथे सत्राच्या शेवटी आकडे मनाने भरावे लागतात, आणि ते काम बहुधा सर्वांत नव्या प्राध्यापकाच्या वाट्याला येते.

विभागप्रमुखांनी बाराचाच आग्रह धरला तर वाद घालू नये. उरलेल्या आठांपैकी ज्या इच्छा आहेत त्या ‘उद्दिष्टे’ या मथळ्याखाली हलवाव्यात आणि ज्या विशिष्ट लेखनप्रकारांविषयी आहेत, उदाहरणार्थ बातमीलेखन, इतिवृत्तलेखन, जाहिरातलेखन, त्या पहिल्या निष्पत्तीच्या खाली उपघटक म्हणून नोंदवाव्यात. त्यांना त्यांची यादी पूर्ण दिसते आणि आपल्याला मोजायच्या चारच राहतात.

आठवड्याची मुदत आहे, तेव्हा निष्पत्ती देण्याआधी निदान एका तासिकेत वर्गाकडून एक पान लिहून घ्यावे. विषय साधा द्यावा: ‘आपल्या गावात बदलावी अशी एक गोष्ट, ती बदलू शकणाऱ्या व्यक्तीला उद्देशून.’ ते ऐंशी कागद गुण न देता, एका बैठकीत वाचावेत आणि तीन ढीग करावेत: काय हवे ते सांगणारे, काय हवे ते न सांगणारे आणि अर्धे पानही न भरलेले. मधला ढीग सर्वांत मोठा निघाला तर वर दिलेल्या पातळ्या तशाच ठेवाव्यात. तिसरा मोठा निघाला तर दुसऱ्या निष्पत्तीतले ५०० शब्द ३०० करावेत, तिसऱ्या निष्पत्तीत दोनऐवजी एक पुरावा मागावा, आणि मगच कागदावर सही करून तो विभागप्रमुखांकडे द्यावा.